'भूगोल म्हणजे सरवा वेचणं' असं म्हणणाऱ्यांसाठी

समोच्च
परवा या मंचावर एका सदस्यांनी लिहिलं होतं: "भूगोल आणि पर्यावरण घेऊन पदवी करणं म्हणजे तीन वर्षं नकाशे रंगवणं. हवामानासाठी भौतिकशास्त्र आहे, मातीसाठी रसायनशास्त्र, माणसांसाठी समाजशास्त्र. भूगोलवाले फक्त दुसऱ्यांच्या शेतातला सरवा वेचतात." खाली कितीतरी जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका ओढ्याच्या पाच ठिकाणचे गोटे मोजायला लावले होते. प्रत्येक ठिकाणी न बघता शंभर गोटे उचलायचे, कॅलिपरने मापायचे, वहीत उतरवायचे. ओढ्याच्या खालच्या अंगाला जावं तसे गोटे लहान आणि गुळगुळीत होत जातात, असं पुस्तकात असतं. पहिल्या तीन ठिकाणी झालेही. चौथ्या ठिकाणी एकदम दुप्पट मोठे आणि धारदार कडांचे! वाटलं, आमचंच माप चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. बाईंना विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "काठाकाठाने वर चालत जा." चारपाचशे पावलं गेलो, तर वळणाच्या वर रस्त्यासाठी डोंगर कापलेला आणि सगळा राडारोडा ओढ्यात लोटलेला. पाण्याची वाहून नेण्याची ताकद, खडकाचा प्रकार, रस्ता कुणासाठी काढला आणि राडा नेमका इथेच का टाकला, हे सगळं त्या एका वळणावर एकत्र आलं होतं. हे कुठल्या एका विभागात शिकवलं असतं, सांगा. त्या तीन विषयांतल्या कुणीही तो चौथा आकडा चूक म्हणून खोडला असता.

'इथेच का, आणि शेजारी का नाही' हा प्रश्न हेच आमचं शेत आहे. आम्ही ते स्वतः नांगरतो.

आकडेमोड
ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेत नाही.

मी पुराची गणिती प्रारूपं बनवतो. दरवर्षी भूगोल-पर्यावरणाचे पदवीधर मुलाखतीला येतात. शाश्वत विकासावर अर्धा तास बोलतात. पण 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे काय विचारलं, की बहुतेक जण सांगतात, एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निर्धास्त. अहो, त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता! म्हणजे ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के. ज्याला हे काढता येत नाही, त्याच्या सांगण्यावरून नदीकाठी घर बांधणाऱ्याचं काय होईल?

आता कोणीतरी जॉन स्नोचा १८५४चा लंडनमधल्या कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा आणेल, कोणीतरी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावरच्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी. म्हणून आधीच सांगतो. स्नो डॉक्टर होता. १९५८ साली त्या नोंदी सुरू करणारा कीलिंग रसायनशास्त्रातला. नावं तुम्ही घेता, पदव्या दुसऱ्यांच्या असतात. हार्वर्डने १९४८ मध्ये भूगोल विभाग बंद केला, तो काय उगाच?

रात्रपाळी
त्याच हार्वर्डला २००६ मध्ये भौगोलिक विश्लेषणाचं केंद्र उघडावं लागलं, तेही सांगा की. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

पाणाड्या
आकडेमोड, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत, औषध चुकलं. या विषयाचा घात जीआयएसने, म्हणजे संगणकावर नकाशे रचायच्या प्रणालीने केलाय. पंचवीस वर्षं मी भूजलाच्या कामात आहे. नवी पोरं येतात, पडद्यावर थरावर थर चढवतात आणि एकाही विहिरीत न डोकावता पाण्याचा नकाशा हातात देतात. मागे एकाने विहिरींभोवती पाचशे मीटरचं बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचं वर्तुळ, काढायला घेतलं. नकाशा अक्षांश-रेखांशात होता, याने प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) बदललंच नाही आणि रकान्यात टाकले ५००. यंत्राने ५०० अंशांचं वर्तुळ काढलं. अख्खी पृथ्वी ३६० अंशांची! आणि हा म्हणतो, "सर, सॉफ्टवेअर बिघडलंय." पदवीला याला ७० टक्के होते.

हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. फील्डचे दिवस कापून तिथे संगणकाचे तास घातले, त्याची ही फळं.

रात्रपाळी
पाणाड्या, जरा जपून. उंटावर मी बसतो. रात्रभर उपग्रहाच्या प्रतिमा बघून वणवा कुठे लागला ते कळवणं हे माझं काम. तुमचं ते पोरगं चुकलं कारण त्याला प्रोजेक्शन कुणी शिकवलं नाही. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर साधारण १११ किलोमीटर भरतो आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. हे भूगोलाचं पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे, यात सॉफ्टवेअरचा काय दोष? मर्केटरच्या १५६९च्या जगाच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी. तो नकाशा कागदावरच होता ना? तेव्हा कुठला संगणक होता?

जमिनीच्या प्रतिमा घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२चा. तेव्हापासून एकाच जमिनीची पन्नास वर्षांहून जास्त काळाची नोंद आहे. तुम्ही पंचवीस वर्षांत किती विहिरींत डोकावलात?

पाणाड्या
मोजल्या नाहीत, पण ज्यांत डोकावलो त्यांचं पाणी मला माहीत आहे. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा. माझा ओढा चार मीटर रुंद. तुमच्या पडद्यावर तो नाहीच, पण त्याच्या काठची माणसं आहेत.

आणि ओझोनचं काय? १९८५ साली अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगाला कळलं ते तिथल्या हॅली संशोधन केंद्रातल्या जमिनीवरच्या जुन्या उपकरणामुळे, वर्षानुवर्षं रोज घेतलेल्या नोंदींमुळे. उपग्रहाच्या आकड्यांतही ती घट होती. पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. समोच्चताईंच्या चौथ्या ठिकाणच्या गोट्यांसारखंच झालं हे.

रात्रपाळी
अर्धंच सांगितलंत. हॅलीचं उपकरण एका जागेचं. ते भगदाड अख्ख्या खंडावर पसरलंय हे दिसलं ते त्याच उपग्रहाच्या आकड्यांकडे परत वळल्यावर. दोन वर्षांत, १९८७ ला ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. नुसत्या एका ठिकाणच्या नोंदीवर जग इतक्या लवकर हललं असतं, असं मला वाटत नाही.

पण हो, बाजूला पडले होते, हे खरं आहे. तेवढं मान्य करतो, आणि ते मान्य करताना मला त्रास होतोय.

आकडेमोड
धागा पदवीवर होता, तुम्ही दोघं विहिरी आणि उपग्रहांवर भांडताय. भांडणही माझ्याच मुद्द्यावर येऊन थांबतंय. विचित्र आकडा चूक आहे की बातमी आहे, हे ठरवायला सांख्यिकी लागते. बाईंनी "वर चालत जा" म्हटलं म्हणून नशिबाने राडारोडा सापडला. सापडला नसता तर?

समोच्च
नशिबाने? प्रत्येक ठिकाणचे शंभर गोटे हातात होते. सरासरी काढली होती, विचलन काढलं होतं, फरक योगायोगाचा नाही हे चालायला लागण्याआधीच तपासलं होतं. मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते न सांगता गृहीत धराल असं वाटलं. भूगोलवाली म्हटल्यावर तिने फक्त गोटे उचलले असतील, हेच तुमच्या मनात पक्कं बसलंय.

स्नोचंही तसंच. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाजवळ मृत्यूंची गर्दी आहे, एवढं त्या नकाशावर कुणालाही दिसेल. मोलाच्या आहेत त्या शेजारच्या मोकळ्या जागा. जवळच्या गरिबांच्या कामगृहात (वर्कहाउसमध्ये) शेकडो माणसं, पण मृत्यू अगदी थोडे, कारण त्यांची विहीर वेगळी. दारूभट्टीतले कामगार वाचले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. शेजारी का नाही, हा प्रश्न त्याने विचारला. पदवी डॉक्टरची होती, मान्य. प्रश्न भूगोलाचा होता.

तुमचं एक म्हणणं मात्र मला सलतं, कारण ते खरं आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी गणित टाळायचं म्हणून हा विषय घेतला होता आणि विभागाने त्यांना ते टाळू दिलं. पहिल्या वर्षी सांख्यिकी सक्तीची हवी होती.

वाळूचा_कण
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे 'फील्ड, फील्ड' म्हणताय म्हणून लिहिते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्षेत्रभेटीला टेकडी चढायची होती, मला सांगितलं गाडीत बसून राहा आणि नंतर मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घे. चार तास गाडीत बसले. गुण पूर्ण मिळाले, शिकले काहीच नाही. त्याच महिन्यात मी प्रयोगशाळेत त्या टेकडीचं उंचीचं प्रारूप उघडलं, उतार काढला, पाणी कुठून वाहील ते काढलं, आणि वर चढून आलेल्यांना न दिसलेली एक जुनी घळ मला दिसली. मी पण उंटावरची का, पाणाड्याकाका?

पाणाड्या
नाही गं. माझं चुकलं. घळ खरोखर होती का, हे कुणी जाऊन पाहिलं?

वाळूचा_कण
दोघी मैत्रिणी गेल्या, फोटो पाठवले. आहे. दगडगोट्यांनी भरत आलीये.

समोच्च
तुला गाडीत बसवलं ते चूकच. ओढ्याचा काठ सपाट असतो, तिथे तुला काम देता आलं असतं. इतकी वर्षं फील्डचं कौतुक करतेय, कोण मागे राहतं हे मी कधी विचारलं नाही.

आकडेमोड
घळीचं काम चांगलं आहे. प्रारूपातली उंचीची चूक किती मीटरची होती आणि घळ किती खोल, हे दोन आकडे मात्र लिही. खोली चुकीपेक्षा कमी असेल तर ती दिसली कशी, हे तुला कुणीतरी विचारणारच. पदवीबद्दल माझं मत तेच आहे, फक्त मुलाखतीत तुला हा प्रश्न मी विचारला असता आणि उत्तर ऐकायला मला आवडलं असतं.

वाळूचा_कण
चूक काढलेली नाही. काढते. प्रकल्पासाठी आता घळीखालच्या ओढ्याचा प्रवाह मोजायचाय, काठावर बसून जमेल असा. विभागातला प्रवाहमापक बंद पडलाय.

पाणाड्या
मापक नको. काठाला समांतर दहा मीटरचा दोर ताण. अर्धवट बुडेल असं काहीतरी तरंगतं सोड, वाऱ्याने ढकललं जायला नको. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची सेकंदं मोज. आलेल्या वेगाला ०.८५ने गुण, कारण पृष्ठभागाचं पाणी खालच्यापेक्षा वेगाने पळतं. मग पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ काढून त्याने गुण. खोली मोजायला मैत्रिणीला पाण्यात उतरव, वही तू धर.

रात्रपाळी
छेद निदान पाच ठिकाणी घे. आणि तारीख-वेळ लिही, त्या दिवसाची प्रतिमा मी काढून ठेवतो.

आकडेमोड
तरंगतं दहा वेळा सोड. एकदा सोडून सरासरी निघत नाही.