मोठ्या विमा कंपनीत क्लेमचं काम: रोज टेबलावर नेमकं काय येतं? (बडोदा)

प्रश्न: रावपुरा_बीकॉम

नमस्कार. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झालं आहे. सरकारी सामान्य विमा कंपनीच्या अधिकारी परीक्षेची तयारी सुरू आहे आणि एका खासगी कंपनीच्या बडोदा शाखेत मोटर क्लेमच्या जागेसाठीही बोलणं चाललंय. जाहिरातीत नुसतं 'क्लेम हाताळणे' असं लिहिलेलं असतं. सकाळी खुर्चीत बसल्यापासून काय करावं लागतं, चूक कुठे होते आणि ती कोणाच्या अंगावर येते, हे आतली माहिती असणाऱ्यांनी सांगावं. बदली आणि मार्केटिंग यांचंही सांगा. पगाराचं नको.

उत्तर: दांडियाबाजार_मोटर

शाखेत कागद सर्वात जास्त मोटरचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अपघाताची सूचना आली की आधी पॉलिसी अपघाताच्या वेळी चालू होती का ते बघायचं. तारीख जुळून भागत नाही, तास जुळावा लागतो. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी म्हणतं की प्रीमियम हातात आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. दुपारी चारला पैसे भरले आणि गाडी सकाळी अकराला ठोकली, तर तारीख एकच असली तरी क्लेम बसत नाही. पॉलिसी घेतल्यापासून चार-सहा दिवसांत अपघात झाला असेल, किंवा मध्ये खंड पडून नूतनीकरण झालं असेल, तर तपासणीचे जुने फोटो काढून नव्या नुकसानीशी ताडायचे. डाव्या दारावरचा पोचा दोन्हीकडे दिसला तर तो जुना, बिलातून वगळायचा.

मग लायसन्स: अपघाताच्या दिवशी वैध होतं का आणि त्या वर्गाच्या गाडीचं होतं का. मालवाहू गाडी असेल तर फिटनेस आणि परमिट. त्याच दिवशी रिझर्व्ह टाकायचा, म्हणजे या फाइलवर अंदाजे किती जाणार ती रक्कम. हा आळस फार महागात पडतो. ४० हजारांचा म्हणून टाकलेला क्लेम पुढे तीन लाखांना गेला, की तिमाहीच्या हिशेबात शाखेचा आकडा एकदम फुगतो आणि विचारणा तुमच्याकडे होते.

सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजणारा तज्ज्ञ, चोवीस तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि तो आल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत, असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ पासूनचा दंडक आहे.

आता हिशेब बघा. तीन वर्षं दोन महिने वयाची, १२०० सीसीची कार. पुढचा बंपर ८,००० (प्लास्टिक, निम्मे कापायचे, राहिले ४,०००). बॉनेट १२,००० (धातू, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के घसारा, म्हणजे वयामुळे किमतीतली घट, राहिले ९,०००). पुढची काच ६,५०० (काचेला घसारा नाही). मजुरी ५,०००, पूर्ण. रंगकाम एकत्रित १०,०००: त्यातला २५ टक्के भाग रंगाचा माल धरायचा आणि त्याच्या निम्मे म्हणजे १,२५० कापायचे, राहिले ८,७५०. बेरीज ३३,२५०. १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट, म्हणजे ग्राहकानं सोसायचा ठरलेला वाटा, १,०००. देय ३२,२५०, गॅरेजचं बिल ४१,५००.

हा ९,२५० चा फरक ग्राहकाला गाडी घ्यायला गेल्यावर गॅरेजच्या काउंटरवर कळतो, आणि तिथून तो तुम्हाला फोन लावतो. म्हणून एस्टिमेट आलं त्याच दिवशी 'तुमच्या खिशातून अंदाजे इतके जातील' असं लेखी कळवावं. नियमात ते नसलं तरी चालू ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. घसारामुक्त ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं जोड-संरक्षण) असेल तर वरच्या गाडीला ४०,५०० बसतात, वजावट मात्र तेव्हाही जाते.

उत्तर: अकोटा_सर्व्हे

बडोद्यात या खुर्चीवर बसायचं तर पूर शिकूनच घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा समा, अकोटा, मुजमहुडा भागातल्या तळमजल्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. अशा वेळी एका दिवसात महिन्याभराची कामं येतात.

पाण्यातली गाडी बघताना पहिली खूण म्हणजे चिखलाची रेघ. गालिच्यापर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत, यावर खर्च ठरतो, कारण इलेक्ट्रॉनिक भाग वर असतात. मग एअर फिल्टर ओला आहे का, इंजिन ऑइल दुधाळ झालंय का, आणि इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलाय का. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी चावी फिरवली की पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत गाडी धुणं, वायरिंग, गालिचे हे सगळं बसतं, पण असं वाकलेलं इंजिन परिणामी नुकसान म्हणून वगळतात. त्याला इंजिन संरक्षणाचं ॲड-ऑन लागतं. नुसता दुधाळ ऑइलवाला आणि वाकलेल्या रॉडवाला, या दोन फाइली वेगळ्या आहेत. सगळ्यांना एकच उत्तर टाइप करणारे लोक इथेच ग्राहकावर अन्याय करतात.

म्हणून सूचना देणाऱ्याला फोनवर सगळ्यात आधी सांगायचं: चावी लावू नका, बॅटरीची तार काढा, टो करून न्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं. मग आरसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि सॅल्व्हेजची (उरलेल्या मोडक्या गाडीची) बोली हे सुरू होतं.

मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मालाच्या फाइलींना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली पत्त्याची: पॉलिसीत एका शेडचा नंबर आणि भिजलेला माल शेजारच्या भाड्याच्या शेडमध्ये. दुसरी विमा रकमेची: माल एक कोटीचा, विमा ६० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचं, तर ६ लाखच धरले जातात आणि त्यातूनही एक्सेस (विमेदारानं स्वतः सोसायची रक्कम) जातो. एप्रिल २०२१ पासूनच्या भारत सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून देतात, पण इथे ती ४० आहे. मालाची किंमत ठरवताना खरेदीची बिलं, जीएसटी विवरणं आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट समोरासमोर ठेवा. तिन्ही जुळली नाहीत तर आधी कारण विचारा. बरेचदा महिना संपल्यानंतर निघालेला माल एवढंच ते असतं.

उत्तर: फाइल_नोट

वरच्या दोघांनी हिशेब सांगितला. तुमचं नाव राहतं ते नोटमध्ये. प्रत्येक पदाला मंजुरीची मर्यादा असते. त्यावरचा क्लेम डिव्हिजनल, मग रीजनल ऑफिसला जातो. तिथला माणूस ना गाडी बघतो ना ग्राहक. त्याला फक्त तुमची नोट दिसते. म्हणून नोटमध्ये चार गोष्टी पानाच्या नंबरासह हव्यात: काय घडलं, पॉलिसीचं कोणतं कलम लागतं, सर्व्हेयरनं किती धरलं, आणि तुम्ही किती शिफारस करता व का. सर्व्हेयरपेक्षा वेगळी रक्कम लिहिली तर कारण लिहाच. सरकारी कंपनीत अंतर्गत ऑडिट, वैधानिक ऑडिट आणि कॅगचं (सरकारी महालेखापरीक्षकांचं) ऑडिटही येतं. चार वर्षांनी फाइल उघडते तेव्हा 'साहेब तोंडी म्हणाले होते' याला किंमत नसते. तोंडी सूचना आली की 'चर्चेनुसार' असं लिहून, तारीख टाकून फाइल परत त्यांच्याकडेच पाठवावी.

नकाराचं पत्र तर अर्धा दिवस देऊन लिहावं. पत्रात नसलेलं कारण कंपनीला पुढे ग्राहक आयोगात नव्यानं मांडता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. 'अटींचा भंग' एवढ्यावर पत्र संपवलं की केस तिथेच हरली. कलमाचा नंबर, त्याचे शब्द आणि ते या घटनेला कसे लागतात, तिन्ही हवेत. ग्राहक अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जाऊ शकतो. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. हा पत्ता प्रत्येक नकारपत्रात छापा. लपवू नका.

रावपुरा_बीकॉम: खूप उपयोग झाला. खासगी कंपनीच्या मुलाखतीत काय विचारू? आणि अधिकारी झाल्यावर बडोद्यात राहता येतं का?

उत्तर: मांजलपूर_एचआर

ताई, मुलाखतीत तीन प्रश्न विचारा. नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर आहे की माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या? एका माणसाकडे दिवसाला किती फाइली? मंजुरीचा अधिकार शाखेत आहे की मुंबईच्या केंद्रात? तिसऱ्याचं उत्तर 'मुंबई' असेल तर तुमचं काम कागद गोळा करून चढवण्याचं आणि ग्राहकाचा राग ऐकण्याचं राहील. हेल्थ क्लेमकडे वळवलं तर घड्याळ आणखी घट्ट: कॅशलेसच्या विनंतीला एक तास, डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास. त्यामुळे पाळ्या असतात, सणवारही त्यात येतात.

सरकारी अधिकाऱ्याची नेमणूक भारतात कुठेही. प्रत्येक बढतीबरोबर बदली धरूनच चला. घरच्या कारणानं बडोदा सोडणं शक्य नसेल तर असिस्टंटची परीक्षा बघा. ती भरती राज्यवार असते आणि गुजरातच्या जागेला गुजराती लिहिता-वाचता-बोलता येण्याची चाचणी असते. घरी मराठी आणि रस्त्यावर गुजराती बोलणाऱ्यांची लेखी गुजराती बरेचदा कच्ची राहते, ती आत्तापासून करा. अधिकारी झालात तर प्रोबेशनमध्ये इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट परीक्षा पास व्हावी लागते, आणि ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याची हमीही लिहून द्यावी लागते.

मार्केटिंगसाठी डेव्हलपमेंट ऑफिसर आणि एजंट असतात. तरी मार्चमध्ये शाखेतल्या प्रत्येकाला नूतनीकरणाचे फोन करावे लागतात.

उत्तर: दांडियाबाजार_मोटर

एक राहिलं: थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा दावा. मोटर अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाचं समन्स आवक-जावकच्या टेबलावरून दुसऱ्या फाइलीत जाऊन पडतं, तारीख उलटते आणि निकाल एकतर्फी होतो. व्याज वेगळंच. समन्स आलं त्याच दिवशी वकील नेमा, पॉलिसीची प्रत काढा, लायसन्स पडताळणीसाठी आरटीओला पाठवा. गाडीमालक हजरच होत नसेल तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १७० चा अर्ज करायला वकिलाला लेखी सांगा. न्यायाधिकरणानं परवानगी दिली की कंपनीला मालकाचे सगळे बचाव मांडता येतात.

आणि प्रीमियमचा चेक परत आला तर पॉलिसी रद्द केल्याचं पत्र त्याच दिवशी मालकाला आणि आरटीओला, पोहोच मिळेल अशा पोस्टानं. ते मालकाच्या हातात पडण्याआधी अपघात झाला तर जखमीला पैसे कंपनीलाच द्यावे लागतात आणि नंतर मालकाकडून वसूल करत बसावं लागतं. पोस्टाची पावती फाइलला टाचून ठेवा, स्कॅन वेगळा.