सल्ला हवा: परफ्यूम आणि फेस क्रीमचे एकदा-वापराचे सँपल पॅक

मोगरा_९:
नमस्कार मंडळी. दिवाळीआधी पुण्यात दोन प्रदर्शनांत स्टॉल आहे, तिथे वाटायला मोफत सँपल करायची आहेत. एक परफ्यूम (१८ टक्के कंपाउंड म्हणजे सुगंधी तेलांचं मिश्रण, बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी, चंदन-वाळ्याच्या अंगाचं) आणि एक फेस क्रीम (पाण्यात तेल प्रकारचं इमल्शन, ०.४ टक्के सुगंध). प्रत्येकी ६०० नग. भरायची मजुरी सोडून बजेट नगामागे ७ रुपये, लेबल धरून. माल वसईच्या एका युनिटमध्ये लोन लायसन्सवर (दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा परवाना) बनतो, भरणंही तिथेच. पण मशीन लावायला ते किमान १०,००० नग मागतात, त्यामुळे आपलं काम हातानेच होणार.
दोन्ही सॅशेतच द्यावं असं मनात आहे, म्हणजे जोडी एकसारखी दिसेल. चालेल का? लॅमिनेट (थर एकमेकांवर चिकटवलेली फिल्म) कोणता, मात्रा किती, आणि काय काय बिघडतं?

डबाबंद:
सॅशे जुनं झालं. ब्लो-फिल-सील मोनोडोस करा. पॉलिथिलीनची छोटी नळी साच्यातच तयार होते, भरते आणि बंद होते, मान पिळली की उघडते. आम्ही सिरमसाठी तेच घेतो, दिसायला एकदम औषधाच्या दर्जाचं. सात रुपयांत नाही बसणार, पण सँपल म्हणजे ब्रँडचा चेहरा, तिथे कंजूषी नको.

लॅमिनेटवाला:
६०० नगांना साचा? असो.
मोगराताई, क्रीम सॅशेत चालेल. परफ्यूम साध्या सॅशेत अजिबात नको, आणि कारण आतल्या थरात आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा लॅमिनेट असतो १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, ९ मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइल, आत ५० मायक्रॉन एलडीपीई (मऊ पॉलिथिलीन). सील होतो तो एलडीपीईचा थर. सुगंधी तेलं त्यात विरघळतात, आरपार जातात आणि फॉइल व एलडीपीई यांच्यामधल्या गोंदावर बसतात. काही आठवड्यांत थर सुटायला लागतो, सील हाताने सोलून निघतो. वर वासही बदलतो, कारण लिमोनिनसारखे (लिंबूवर्गीय वासाचे) घटक प्लास्टिक आधी शोषून घेतं. परफ्यूमच्या सॅशेंना आतून पॉलिअॅक्रिलोनायट्राइल किंवा तशाच रोधक पदार्थाचा थर लागतो. तो रोल तुम्हाला ६०० नगांपुरता कोणी देणार नाही.
परफ्यूम काचेच्या व्हायलमध्ये, क्रीम फॉइल पाउचमध्ये. जोडी एकसारखी दिसायची हौस असेल तर दोन्ही एकाच कार्डावर लावा.

नाकपुडी:
+१, परफ्यूम काचेतच. पण व्हायल स्प्रेचीच घ्या, डॅबर (बुचाला काडी असलेली) नको. बुच उघडून काडी मनगटाला घासली की अल्कोहोल नीट उडत नाही, पहिला वास कच्चा येतो. लहान स्प्रेतून एका दाबाला साधारण ०.०५ मिली निघतं, म्हणजे १ मिलीत १५ ते २० फवारे.

साबणवाली:
मीही स्प्रेच म्हणेन. काच हवीच, प्लास्टिक नको.

गोगलगाय:
पंधरा-वीस फवारे म्हणजे आठवडाभराचा माल! विषय ‘एकदा-वापर’ आहे ना? एका वेळेला ०.२ ते ०.३ मिली पुष्कळ झालं. आणि डॅबर इतका वाईट नसतो. मोहम्मद अली रोडवर अत्तर काडीनेच लावून देतात, कोणाची तक्रार ऐकली नाही.

नाकपुडी:
अत्तर आणि अल्कोहोल परफ्यूम एका मापाने मोजू नका. अत्तरात उडणारा भाग नसतो.

गोगलगाय:
उडणारा भाग असतो, सावकाश उडतो. तेही जाऊ दे. ०.३ मिली भरलेली १ मिलीची व्हायल रिकामी दिसते, लोक ‘अर्धी सांडली’ म्हणतात. म्हणून सगळे १ मिली भरतात, हिशोब इतकाच आहे.

भिवंडीकर:
व्हायल घेणार असाल तर दोन गोष्टी. एक, काठोकाठ भरू नका. अल्कोहोल उष्णतेने दर अंशाला साधारण ०.११ टक्के फुगतं. २५ अंशांना भरलेला माल ट्रकमध्ये ५० अंशांवर गेला की पावणेतीन टक्के वाढ, आणि व्हायलमध्ये जागा नसेल तर बुच वर सरकतं. दहा टक्के मोकळं सोडा. डॅबर असेल तर काडी आत गेल्यावर पातळी चढते. मानेपर्यंत भरून बुच दाबलं की थेंब बाहेर येतो आणि थेट लेबलवर. स्प्रेत नळीची लांबी बघा. तळाला टेकून वाकली तर चालते, पण तोंड काचेला चिकटून बसलं तर पंप मारून मारून बोट दुखतं.
दोन, कुरियर. धोकादायक मालाच्या यादीत परफ्यूमचा क्रमांक यूएन १२६६, वर्ग ३, ज्वलनशील. पोस्टाने पाठवता येत नाही. विमानाच्या मालासाठी १ मिली किंवा त्याहून लहान व्हायल आणि एका बाहेरच्या खोक्यात एकूण १०० मिलीपर्यंत अशी अत्यल्प प्रमाणाची सवलत आहे, पण शोषक साहित्य आणि खोक्याच्या पडझडीच्या चाचण्या लागतातच. २ मिलीची व्हायल त्या सवलतीत बसत नाही. प्रदर्शनाला वसईहून पुण्याला टेम्पोने नेणार असाल तर तो ताप नाही.

साबणवाली:
लेबलबद्दल कोणी बोलेना म्हणून. थर्मल प्रिंटरचे साधे डायरेक्ट लेबल अल्कोहोल लागलं की काळे पडतात किंवा अक्षर उडतं. मेणाच्या रिबनने छापलेलंही बोटाने पुसतं. रेझिन रिबन आणि पीपी फिल्मचा स्टिकर घ्या. तपासायला एक थेंब परफ्यूम लावा, मिनिटभर थांबा, टिश्यूने घासा. पुण्यात बोहरी आळीत लेबलचे रोल मिळतात, पण रिबन रेझिनचीच आहे का ते दुकानातच घासून बघा. मला एकाने ‘सेम आहे मॅडम’ म्हणत मेणाची टेकवली होती.

कायदेपंडित:
लोन लायसन्स आहे हे बरं, कारण वरच्या प्रतिसादांवरून कोणालाही वाटेल की घरी सिरिंज घेऊन बसलं की झालं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात उत्पादनाच्या व्याख्येत पॅकिंग, लेबलिंग, मोठ्या मालातून लहान भाग करणं हे सगळं येतं, आणि तेही ‘विक्री किंवा वितरण’ यासाठी. फुकट वाटणं हे वितरणच. तेव्हा भरणं त्या युनिटमध्येच, सीओएस-९ वर (लोन लायसन्सचा फॉर्म).
लेबलवर: उत्पादकाचं नाव, अगदी लहान डब्याला पूर्ण पत्त्याऐवजी उत्पादनाचं ठिकाण व पिनकोड चालतो. घटकांची यादी ६० मिली द्रव आणि ३० ग्रॅम घन यांच्या खाली सक्तीची नाही. बॅच नंबरलाही १० ग्रॅम आणि २५ मिलीपर्यंत सूट आहे. पण छापाच, एखाद्या बॅचची तक्रार आली तर कुठला माल परत मागवणार? वापरण्याची मुदतही लिहा.

गोगलगाय:
किरकोळ विक्रीत पॅकिंगला वगळलंय ना व्याख्येतून? अत्तरवाले समोरच भरून देतात.

कायदेपंडित:
नेहमीच्या किरकोळ धंद्यात गिऱ्हाइकापुढे भरून देणं वेगळं. ६०० नग आधीच भरून, छापून ठेवणं त्यात बसवू नका.

हिरवळ:
सॅशेवर बंदी आहे ना आता? क्राफ्ट पेपरचे पाउच घ्या, जैवविघटनशील असतात.

लॅमिनेटवाला:
१ जुलै २०२२ पासूनच्या यादीत प्लास्टिकच्या काड्यांचे इअरबड, फुग्यांच्या काड्या, थर्माकोल सजावट, प्लेट-कप-चमचे, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म वगैरे आहे. सॅशे त्यात नाहीत. सॅशेवर बंदी आहे ती गुटखा, तंबाखू, पानमसाल्यासाठी, २०१६ च्या नियमांत. बहुथरी पॅकेजिंगवर विस्तारित उत्पादक जबाबदारी (पॅकेजिंगचा कचरा निस्तरायची जबाबदारी) मात्र येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तुमच्या आकाराच्या धंद्याला काय लागू आहे ते युनिटकडून लेखी घ्या.
आणि क्राफ्ट पाउच हातात घेऊन फाडून बघा. बाहेर कागद, आत मेटलाइज्ड (धातूचा पातळ मुलामा दिलेली) फिल्म आणि पॉलिथिलीन. कागदासकट रिसायकल होत नाही, विघटनही होत नाही. पीएलए (वनस्पतींपासूनचं प्लास्टिक) असेल तर पाण्याची वाफ निघून जाते, क्रीम आकसतं.

हिरवळ:
म्हणजे हिरवं काहीच नाही का.

लॅमिनेटवाला:
कमी वापरा, हे एक आहे. २ ग्रॅमसाठी तळहाताएवढं पाउच नको.

मोगरा_९:
सगळ्यांचे आभार! बजेट ७ आहे, हे पुन्हा सांगते :) क्रीमच्या पाउचचं माप आणि हाताने भरण्याची नीट पद्धत कोणी सांगेल का?

लॅमिनेटवाला:
फेस क्रीमची एक वेळ म्हणजे १ ते १.५ ग्रॅम. थोडं पाउचच्या भिंतींना चिकटून आतच राहतं, म्हणून २ ग्रॅम भरा. तयार तीन बाजू बंद असलेलं चांदीरंगी पाउच घ्या, बाहेरून ५० बाय ७५ मिमी, सील ७ मिमी. कमी सील स्वस्त पडतं आणि तेच गळतं. आतली रुंदी ३६ मिमी उरते, २ ग्रॅमला पुष्कळ.
सुगंध ०.४ टक्के असल्याने साधा फॉइल-एलडीपीई चालून जाईल. ऑर्डर देताना ‘क्रीम भरणार’ असं स्पष्ट सांगा, गोंद रसायनरोधक ग्रेडचा मागा. मेटलाइज्ड पॉलिएस्टर स्वस्त असतं, घडीवर कमी तडकतं, पण वाफ जास्त सोडतं. दोन-तीन महिन्यांत वाटून संपवणार असाल तर तेही चालेल. पारदर्शक नको, पाणी उडून क्रीमला कडेने साय येते.
भरताना: १० मिलीची ल्युअर-लॉक (सुई पिळून घट्ट बसणारी) सिरिंज, १४ गेजची बोथट सुई. सुई पाउचच्या तळापर्यंत न्या, भरत भरत वर घ्या, मग दट्ट्या किंचित मागे ओढा म्हणजे क्रीमचा धागा तुटतो. सुई बाहेर काढताना वरच्या १५ मिमीला क्रीम लागलं की ते नग बाजूला टाका. पुसून सील केलं तरी तेलाचा पातळ थर उरतो आणि सील वरवरचं लागतं. सीलच्या आधी पाउच आडवं दाबून हवा काढा, हवा राहिली तर वरचं खोकं ठेवल्यावर फुटतं.
इम्पल्स सीलर (दाबल्यावर क्षणभरच तापणारा) पातळ पिशव्यांसाठी असतो. फॉइलला सतत तापणारा, दातेरी जबड्यांचा सीलर लागतो, किंवा बँड सीलर. १४० अंशांवर सुरू करा, पाच-पाच अंश वाढवा. सोलून बघा: थर अलग झाले तर कमी तापलंय, कडेला लाटा आल्या किंवा एलडीपीई दबून बाहेर आलं तर जास्त.
फाडायची खाच सीलच्या आतच, दीड-दोन मिमी खोल. ७ मिमी सीलमध्ये ५ मिमी शाबूत राहिलं पाहिजे. आणि फिल्मच्या लांबीच्या दिशेने फाटेल अशी ठेवा, आडवी ठेवली तर एलडीपीई ताणून रबर होतं.

भिवंडीकर:
गळती बघायला: २० पाउच टिश्यूच्या दोन थरांत, वर १० किलो, रात्रभर. मिथिलीन ब्लूच्या (निळ्या रंगाच्या) पाण्यात बुडवून निर्वात करणारं भांडं युनिटकडे असेल तर उत्तमच.

डबाबंद:
मोनोडोसमध्ये हे सील-बिल काही नसतं. सांगून ठेवतो.

साबणवाली:
व्हायलची गळती कशी मोजायची? उलट्या ठेवून?

भिवंडीकर:
उभी, आडवी, उलटी, तिन्ही. एकेक नग सोनाराच्या काट्यावर टाकून फसू नका. १ मिली परफ्यूम म्हणजे सुमारे ०.८२ ग्रॅम, २ टक्के घट म्हणजे १६ मिलिग्रॅम, ०.०१ ग्रॅमच्या काट्याला ते जेमतेम कळतं. दहा व्हायल एकत्र तोला. घट ०.१६ ग्रॅम, स्वच्छ दिसते. ४० ते ४५ अंशांत चार आठवडे ठेवून तोलत राहा.

मोगरा_९:
ठरलं. क्रीम फॉइल पाउचमध्ये, लॅमिनेटवाले म्हणाले तसंच. परफ्यूमचं मात्र व्हायल नाही. स्प्रे व्हायल, लेबल आणि कार्ड मिळून ७ च्या वर जातंय, आणि स्टॉलवर मुलं फवारे मारत सुटतात हे वेगळंच. ब्लॉटर पट्टीवर (वास घ्यायची शोषक कागदाची पट्टी) परफ्यूम लावून त्याच आकाराच्या फॉइल पाउचमध्ये सील करणार. जोडी एकसारखी दिसेल. क्रीम विकत घेणाऱ्यांनाच व्हायल.

नाकपुडी:
अरेरे. पट्टीवर वास कळतो, अंगावरचा कळत नाही. परफ्यूमचं सँपल म्हणवू नका त्याला.

साबणवाली:
पट्टीवर वरच्या नोट्स (सुरुवातीला येणारे हलके वास) उडूनच जातात. माझं मत स्प्रेच.

लॅमिनेटवाला:
मीही व्हायलच म्हणेन. पण चंदन-वाळा असल्याने थोडं निभावेल, संत्र-बर्गमॉट असतं तर आजच थांबवलं असतं. करायचंच तर ओली पट्टी सील करू नका. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) ब्लॉटरवर ०.१ मिली, दहा मिनिटं उघड्यावर, अल्कोहोल गेलं की मगच पाउचमध्ये. ओली गेली तर वाफेने पाउच फुगतं, सील तापताना अल्कोहोल पेटायचाही धोका. भरायची जागा सीलरपासून लांब, दारं-खिडक्या उघडी. पट्टी पाउचच्या आतल्या मापापेक्षा ४ मिमी अरुंद, नाहीतर कोपरा सीलमध्ये अडकतो. तेल गोंदाकडे जाणारच, तेव्हा महिनाभरात वाटून टाका. आधी दहा नग पंधरा दिवस ठेवून ताज्या पट्टीशी नाकाने ताडून बघा.

मोगरा_९:
चालेल. खाच मारायला पंच कुठला घेऊ, हाताचा चालतो का?

भिवंडीकर:
हाताचा व्ही-नॉच पंच चालतो. सील पूर्ण थंड झाल्यावर मारा, गरम सीलवर मारला की कड ओढली जाते. पन्नासेक नग झाले की धार बघा, बोथट झाला की खाच फाटायला लागते.