लॉरेन्ट्झ रूपांतरण आधी शिकवावं की ‘काळ मंदावतो’ आधी?

सीताबर्डीकर: नागपुरात बीएस्सीला आइन्स्टाइनची विशेष सापेक्षता शिकवतो. आपल्याकडचा नेहमीचा क्रम: काळ मंदावतो, लांबी आकसते, मग लॉरेन्ट्झ रूपांतरण, म्हणजे एका निरीक्षकाने मोजलेली वेळ आणि अंतर त्याच्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याच्या हिशेबात बदलून देणारी सूत्रं. माझ्या मते सुरुवात रूपांतरणानेच व्हावी. नवी वेळ = गॅमा × (जुनी वेळ − वेग × अंतर ÷ प्रकाशवेगाचा वर्ग). गॅमा हा वेगावर ठरणारा गुणक: 1 ÷ √(1 − वेगाचा वर्ग ÷ प्रकाशवेगाचा वर्ग). वेळेच्या सूत्रात अंतर शिरलं, सापेक्षतेचा गाभा तोच! झिरो माइल हा आरंभबिंदू धरा. तिथे एक दिवा, वर्ध्याच्या दिशेने 80 किमीवर दुसरा. जमिनीवरून पाहता दोन्ही एकाच क्षणी लागले. वर्ध्याकडे प्रकाशवेगाच्या 0.6 पट वेगाने गाडी जातेय, म्हणजे गॅमा 1.25. गाडीच्या हिशेबात पुढचा दिवा 200 मायक्रोसेकंद आधी लागला.

धरमपेठकर: सर, नाही पटत. सूत्राने सुरुवात केली की मुलं पाठ करतात अन् मोकळी होतात. म्यूऑन घ्या ना, वातावरणात वर तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड, अल्पायुषी कण. सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशही 660 मीटरच जातो. तरी सुमारे 15 किमी उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर सापडतात, कारण वेगामुळे त्यांचा काळ मंदावतो. रॉसी आणि हॉल यांनी 1941 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. इतिहासही तुकड्यातुकड्यानेच आला: फिट्झजेराल्डने लांबीचं आकसणं 1889 मध्ये सुचवलं, आइन्स्टाइनचा लेख 1905 चा.

सीताबर्डीकर: पण म्यूऑनच्या दृष्टीने जमिनीवरची घड्याळं मंद आहेत. हुशार पोरगी विचारणारच, ‘दोघंही एकमेकांना मंद कसे?’ एकाच वेळी काय घडलं यावरच दोघांचं एकमत नाही, हे आधी सांगितलं नसेल तर उत्तर काय द्याल?

महालकर: मी तर गणितज्ञ मिन्कोव्स्कीचं 1908 चं अंतरालच आधी शिकवीन: दोन घटनांमधल्या अंतराचा वर्ग वजा मधल्या वेळेत प्रकाश जाईल त्या अंतराचा वर्ग, सगळ्यांना सारखाच येतो. याच उदाहरणात गाडीतून दिवे लागण्याच्या दोन घटनांमधलं अंतर 100 किमी येतं आणि 200 मायक्रोसेकंदांत प्रकाश 60 किमी जातो. 100 चा वर्ग वजा 60 चा वर्ग, बरोबर 80 चा वर्ग, जमिनीवरून येतो तोच.

धरमपेठकर: हे 100 कुठून आलं? लांबी आकसते म्हणता, इथे तर वाढली! मुलं इथेच अडकतील.

सीताबर्डीकर: इथेच अडकायला हवं! लांबी मोजायची तर दोन्ही टोकं एकाच वेळी टिपावी लागतात, आणि गाडीसाठी दिवे एकाच वेळी लागलेच नाहीत. त्या 200 मायक्रोसेकंदांत पुढचा दिवा गाडीकडे 36 किमी सरकला. 100 वजा 36, म्हणजे 64. अन् 80 भागिले 1.25 पण 64 च.

धरमपेठकर: हे उदाहरण मी वर्गात घेईन. पण म्यूऑननंतरच, त्यावर मी ठाम आहे.