कोकणातल्या पावसात बाहेरचे कॅमेरे टिकवायचे कसे?

खळ्यातला:
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. तीन वर्षांपूर्वी चार कॅमेरे बसवले: खळं, गेट, गोठा आणि मागची विहीर. खोक्यावर आयपी ६७ छापलंय, तरी दर पावसाळ्यात एक तरी जातोच. यंदा विहिरीकडचा गेला. आधी चित्र अडकायला लागलं, मग कॅमेरा दोन दिवस बंद, ऊन पडलं की परत चालू, आणि आता कायमचा बंद. बाबा पहाटे पंप लावायला तिकडे जातात. पावसाळ्यात विहिरीजवळची फरशी शेवाळून गुळगुळीत होते. तो कॅमेरा मी त्यासाठीच लावला होता, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. बसवणारा म्हणतो, "इकडे असंच चालायचं, नवीन घ्या." कोणता घ्यावा? की वरून काही झाकण लावावं?

रानजाई:
आम्ही पाण्याची मोठी बाटली उभी कापून टोपीसारखी बसवलीय. दोन पावसाळे निघाले, पण रात्रीचं चित्र पांढरट येतं.

वायरमन कुडाळ:
दादा, नवीन कॅमेरा इतक्यात घेऊ नका. ऊन पडलं की चालू होतो म्हणालात ना, मग पाणी बहुतेक कॅमेऱ्यात नाही, वायरीच्या जोडात जातंय. मी बारा वर्षं हेच काम करतोय. पावसाळ्यात 'मेलेले' म्हणून जे कॅमेरे माझ्याकडे येतात, त्यातले कितीतरी फक्त जोड बदलून चालू होतात.

आयपी ६७ म्हणजे आत धूळ जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी पाणी शिरत नाही. पण ही हमी कॅमेऱ्याच्या डब्याची. मागून जी वीतभर शेपटी निघते, तिच्या टोकाचं सॉकेट उघडंच असतं. त्यासाठी खोक्यात रबरी वॉशरवाली प्लास्टिकची टोपी येते. ती लावायची तर आधी वायर तिच्यातून ओवून मग प्लग क्रिंप करावा (पकडीने दाबून वायरीवर बसवावा) लागतो. घाईत ते कोणी करत नाही आणि टोपी खोक्यातच राहते. वर काळी पीव्हीसी टेप गुंडाळून मोकळे. मे महिन्यात तिचा गोंद सुटतो, जूनमध्ये त्याच गुंडाळीत पाणी साचून राहतं. तुमचे कॅमेरे पीओईचे, म्हणजे नेटवर्कच्याच वायरीतून वीज घेणारे, असतील तर त्या पिनांवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी सतत असतो. त्यात समुद्राची खारी हवा. तांबं खाल्लं जाणारच.

काय करायचं ते सांगतो. कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स लावा आणि जोड त्याच्या आत घ्या. वायर बॉक्समध्ये खालूनच आणा, ग्लँड (वायरीभोवती घट्ट आवळणारी रबरी बूच) लावून. आत शिरण्याआधी वायरीला वीतभर झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल. जोडावर सेल्फ-फ्युजिंग रबर टेप (गोंदाशिवाय स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी), चांगली ताणून, खालून वर गुंडाळत जायची. कौलं जशी एकावर एक चढवतात तसे वेढे बसले पाहिजेत, म्हणजे पाणी वरच्या वरून निघून जातं.

बॉक्सच्या कडेला सिलिकॉन भरताना वरची कड आणि दोन बाजू भरा, खालची मोकळी सोडा. आत गेलेल्या थेंबाला वाट हवी. जांभ्याच्या भिंतीत हे फार महत्त्वाचं, कारण जांभा पाणी पितो आणि ते मागून बॉक्समध्ये उतरतं. सिलिकॉन घेताना दुकानात 'न्यूट्रल' मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांब्याला गंजवतं. स्क्रू स्टेनलेसचेच.

रानजाई ताई, ती बाटली काढाच. कॅमेऱ्याचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे प्लास्टिकवर आपटून लेन्समध्ये परत येतात, म्हणून चित्र पांढरं दिसतं. झाकण लावायचं तर पत्र्याचं, लेन्सच्या आणि दिव्यांच्या समोर न येणारं. त्याहून बरं म्हणजे कॅमेरा पागोळ्यांच्या आत, वळचणीला सरकवा.

खळ्यातला:
वायरमनदादा, शब्दच नाहीत. चुलतभावाने आज मेन बंद करून विहिरीकडचा जोड उघडला आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. टेप सोडताच चमचाभर पाणी हातावर आलं. प्लगच्या आठांपैकी दोन पिना जागेवर नव्हत्याच, तिथे नुसती हिरवी पूड. कॅमेऱ्याच्या बाजूचं सॉकेट मात्र जेमतेम वाचलं होतं. त्याने ते टूथब्रशने साफ केलं, काळी पडलेली वायर हातभर कापून नवा प्लग लावला, आणि चित्र आलं! खोकं माळ्यावर होतं, त्यात चारही टोप्या पिशवीसकट सापडल्या. आता चारही जोड करून घेतो. एक शंका: गोठ्याकडच्या डोमच्या (घुमटासारख्या कॅमेऱ्याच्या) काचेवर सकाळी आतून धुकं असतं. तिथेही पाणी शिरलं असेल का?

वायरमन कुडाळ:
दुपारपर्यंत विरत असेल तर ती आतल्या हवेतली ओल. कोरड्या दिवशी, ऊन असताना डोम उघडा, रबरी रिंग नीट खाचेत बसलीय का बघा, सिलिका जेलची नवी पुडी टाकून लगेच बंद करा. पावसात चुकूनही उघडू नका, तीच दमट हवा आत कोंडेल. थेंब तळाशी साचलेले दिसले तर मात्र रिंग गेली समजा.

आणि विहिरीजवळची ती फरशी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, चुलतभाऊ परत येईल तेव्हाच. पावसाळाभर आठ-दहा दिवसांनी परत घासावी लागते.