राजमाची: दोन मुलं, सासूबाई आणि दोन दिवस. कुठल्या वाटेनं जावं?

कोथरूडकर
डिसेंबरातला एक शनिवार-रविवार राजमाची किल्ल्यावर काढायचाय. आम्ही दोघं, मुलं ७ आणि ११ वर्षांची, दीर, आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. त्या सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण उतरताना गुडघे बोलतात. मुलांना तंबूतच झोपायचंय. लोणावळ्याकडून चालत जावं की कर्जतच्या बाजूच्या कोंदिवड्याकडून? पाणी किती घ्यावं? आणि तंबू न्यावा की किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात कुणाच्या घरी राहावं?

घसारा
लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी १५-१६ किलोमीटर. चढ फारसा नाही, चुकण्यासारखी वाटही नाही. पण ७ वर्षांचं मूल थांबत-खात ताशी अडीच किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे सहा-सात तास, आणि शेवटचा टप्पा बहुधा कुणाच्या तरी खांद्यावर. कोंदिवड्याहून अंतर कमी, पण सगळा चढच. मोठ्यांना अडीच-तीन तास, मुलं असतील तर चार धरा.

माझ्या मते सगळ्यांनी लोणावळ्याहून स्थानिक जीप करून उधेवाडी गाठावी आणि पायांची ताकद किल्ल्यासाठी राखावी. स्वतःची छोटी गाडी नेऊ नका. रस्ता कच्चा, दगड वर आलेले. चेंबर आपटून तेल गळायला लागलं तर तिथे मेकॅनिक नाही. सासूबाईंना ड्रायव्हरशेजारी बसवा, मागच्या बाकावर सगळे धक्के कंबरेत जातात.

गावापासून भैरवनाथाचं देऊळ अर्ध्या तासावर, दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत. तिथपर्यंत सासूबाई सावकाश येऊ शकतील. उतारावर काठी नेहमीपेक्षा चार बोटं लांब करा, म्हणजे वाकावं लागत नाही आणि वजन गुडघ्याऐवजी हातावर येतं. गावाजवळचा उदयसागर तलाव आणि काठचं जुनं शिवमंदिर तर चपला घालून होण्यासारखं आहे.

दोन बालेकिल्ल्यांपैकी शनिवारी दुपारी मनरंजन (सुमारे ८३३ मीटर), रविवारी सकाळी श्रीवर्धन (सुमारे ९१४ मीटर). दोन्ही एका दिवसात कोंबू नका. श्रीवर्धनचा चिलखती बुरूज मुलांना नीट दाखवा: बाहेर एक तट, आत दुसरा, मधे माणूस फिरेल एवढी जागा. बाहेरचा पडला तरी आतला लढता राहावा, ही त्यातली मेख.

मावळतीकर
जीपचं पटलं, पण ११ वर्षांच्या मुलाला कशाला बसवून न्यायचं? त्याला आणि दिरांना कोंदिवड्याहून चढू द्या. कर्जत स्टेशनवरून कोंदिवड्याला रिक्षा मिळते. सातच्या आत चालायला लागा, सकाळी त्या अंगाला डोंगराची सावली असते. वाटेत कोंढाणे लेणी आहेत, तिथे खाणं उरकून घ्या.

मात्र त्या वाटेनं उतरायचं कुणीच नाही. डिसेंबरात माती सुकून वर बारीक मुरूम सुटतो, गुळगुळीत सोलच्या शाळेच्या बुटांना पकड मिळत नाही. मुलं घसरली की मागे रेलतात, त्यानं पाय आणखी निसटतो. पुढे किंचित झुकून, गुडघे सैल ठेवून, आडवं पाऊल टाकायला शिकवा. श्रीवर्धन उतरतानाही हेच लागेल.

पाणी: चढणाऱ्या मोठ्याला तीन लिटर, मुलाला दीड, तेही त्याच्याच पाठीवर. गावातून किल्ल्यावर जाताना त्याच्या निम्मं पुरे. किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, कितीही नितळ दिसो.

टाकं
तंबूबद्दल. चार जणांचा म्हणून विकतात त्यात तीन मोठे मावतात. तुमच्यात दोन मोठे आणि दोन मुलं बसतील. सासूबाईंना घरात झोपवा. जमिनीवरून रात्री दोनदा उठणं गुडघ्यांना परवडत नाही. जेवणही त्याच घरी सांगा, पिठलं-भाकरी आणि भात. किती पानं ते दोन दिवस आधी फोनवर ठरवा, कारण वर रेंज भरवशाची नाही.

तंबू गावाच्या जवळ, विचारून लावा. तलावाच्या काठाला नको, तिथे दव जास्त आणि अंधारात मुलं पाण्याकडे जातात. मुरुमात पातळ खुंट्या वाकतात. लोखंडी सळीच्या, वीतभर लांब घ्या आणि तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केलेत तर चौघांच्या श्वासाची वाफ छताला लागून पहाटे पांघरुणावर ठिबकते. वरचे झरोके उघडेच ठेवा, ऊब खालून मिळवा: फोमची चटई, वर सतरंजी, कानटोपी.

कोथरूडकर
दिरांना कोंदिवडं फारच आवडलंय. रात्री तंबूपुढे शेकोटी चालेल ना? आणि किल्ल्यावर मधमाश्यांचा त्रास असतो असं ऐकलं.

घसारा
डिसेंबरात गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. माळावर शेकोटी नको. घरमालकाच्या अंगणात चूल असेल तिथे शेका.

आग्या मोहोळ कड्याला, तटाच्या आडोशाला असू शकतं. किल्ल्यावर धूर, फटाके, आरडाओरडा, दगड मारणं बंद. अत्तर-डिओ घरी ठेवा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-मान ओढणीनं झाका आणि पायाखाली बघत तिथून लांब जा. कड्याजवळ धावत सुटण्याचा धोका डंखापेक्षा मोठा. काटा रुतून राहिला तर लगेच काढा, उशीर झाला की विष आत जात राहतं. नखानं खरवडा किंवा चिमटीत धरा, पण वेळ घालवू नका. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न पाहता जीप काढून लोणावळा. म्हणून जीपवाल्याला शनिवारीच परत पाठवू नका, मुक्कामाचे पैसे ठरवून गावातच थांबवा.