मदत हवी आहे: हॉलमधला पीसी बेडरूममधल्या लॅपटॉपला ओळखच देईना

मंडळी, तीन रविवार गेले, आता हात टेकले.

हॉलमध्ये बाबांचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०. त्यात जुन्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो आणि बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, मिळून १८० जीबी. माझा लॅपटॉप नवा, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, त्यामुळे पीसीने मान टाकायच्या आत सगळं इकडे आणायचंय. पेनड्राइव्हने फोटो येतात, पण व्हिडिओ ही ६ जीबीची एकच फाइल आणि पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा. ४ जीबीच्या वरची फाइल तो घेत नाही. फॉरमॅट करून भागेल, कबूल. पण घरात वायफाय असताना हॉल-बेडरूम फेऱ्या का मारायच्या, हा हट्ट. पूर्वी विंडोजमध्ये घरातले पीसी जोडणारा होमग्रुप होता, एक पासवर्ड टाकला की झालं. तो २०१८च्या अपडेटमध्ये काढून टाकला.

आतापर्यंत केलेलं: दोन्हीकडे नेटवर्क प्रायव्हेट, डिस्कव्हरी (मशीन एकमेकांना दिसायची सोय) आणि फाइल शेअरिंग चालू, फोल्डर शेअर केलेलं. तरी लॅपटॉपच्या 'नेटवर्क'मध्ये डेस्कटॉप दिसत नाही. नावाने उघडलं तर पाथ सापडत नाही. आयपी पत्ता टाकला तर नाव-पासवर्ड मागतो, आणि बाबांच्या खात्याला पासवर्डच नाही! रिकामा सोडला तर चालत नाही. मग एका व्हिडिओत बघून डेस्कटॉपवर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केलं. आता लॅपटॉप म्हणतो, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्टला प्रवेश नाही. घरात संस्था कुठली? फार तर आई.

एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करून बघू का?

प्रतिसाद १: अजिबात नको. २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्याच एसएमबी १मधल्या भोकातून. विंडोज १० आणि ११ला त्याची गरजही नाही. दोन्ही मशीनवर आयपीकॉन्फिग ही कमांड चालवून पत्ते टाका इथे.

धागाकर्ता: डेस्कटॉप १९२.१६८.१.१२, लॅपटॉप १९२.१६८.०.१०५. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर लावलाय, हे सांगायचं राहिलं.

प्रतिसाद १: हे आधी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते :) तिसरा आकडा बघा, एकीकडे १, दुसरीकडे ०. दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलंय. मशीन एकमेकांना नावाने हाका मारतात, त्या हाका राउटर ओलांडून जात नाहीत. म्हणून नाव सापडत नाही, पण आयपीने दार वाजतं. दुसऱ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न थाटता फक्त वायफाय पुरवणारा) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (तो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही ना, ते बघून), त्याचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि पहिल्या राउटरकडून येणारी वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या मशीनच्या) पोर्टमध्ये घाला.

प्रतिसाद २: पासवर्डचं मी सांगते. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज फक्त समोर बसणाऱ्याला उघडू देतं, नेटवर्कवरून नाही. आणि बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग विंडोज ११ प्रोने २४एच२पासून बंद केलंय, तुमची 'संस्था' ती. सवलत देणारं सेटिंग आहे, पण त्याच्या नादी लागू नका. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू करा. डेस्कटॉपवर एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्या खात्याला परवानगी द्या. बाबांच्या लॉगिनला हात लावायची गरज नाही. लॅपटॉपवर नाव टाकताना आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खातं. पासवर्डच्या जागी लॅपटॉपचा पिन टाकू नका, निम्मे लोक तिथेच अडकतात.

धागाकर्ता: उघडलं!! राउटर बदलल्यावर नावही दिसलं. दोघांचेही आभार. फक्त वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. काही करता येईल?

प्रतिसाद १: स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. ते मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे त्यात एवढंच बसतं. १८० जीबीला साडेचार तास धरा. लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि दोन्हीकडचं स्लीप बंद करा.

धागाकर्ता: लावलंय. बाबांना रात्री झोपताना हॉलची सगळी बटणं बंद करायची सवय आहे, म्हणून प्लगवर चिठ्ठी चिकटवली.