सिएरा नेवाडा पेल एलची घरगुती नक्कल: रंग गडद, चव गोडसर, कॅस्केड हॉप्सचा वास गायब

अर्धा_गॅलन

लोकहो, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

घरी बीअर करायला लागल्यापासून एकच ध्यास घेतलाय: सिएरा नेवाडाची हिरव्या लेबलवाली पेल एल जशीच्या तशी जमली पाहिजे. इथे अमेरिकेत आल्यावर कडू बीअर आवडू शकते हे मला पहिल्यांदा हिनेच पटवलं, त्यामुळे हट्ट म्हणा हवं तर. नवी बॅच नुकतीच उघडली. बीअर वाईट नाही, मित्रमंडळी मागून घेतात. पण शेजारी दुकानातली बाटली ओतली की पितळ उघडं पडतं. त्यांची फिकट अंबर, माझी तांबूस. माझ्या घोटानंतर टॉफीसारखा गोडवा जिभेवर रेंगाळतो, कडवटपणा मागून येतो आणि तोही खरखरीत. ग्रेपफ्रूटचा वास बाटल्या भरताना घमघमत होता, आता ग्लासात नाक खुपसलं तरच लागतो.

रेसिपी अशी (५ गॅलन, धान्य पिशवीत घालून मॅश, म्हणजे गरम पाण्यात मुरवणं): टू-रो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) ९ पाउंड, क्रिस्टल ६० (गडद, गोडसर माल्ट) दीड पाउंड, म्युनिक माल्ट अर्धा पाउंड. मॅश १५६ फॅरनहाइटला तासभर. उकळीत हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं): पर्ल १ औंस ६० मिनिटं, कॅस्केड १ औंस १० मिनिटं. आठवड्याने दुसऱ्या कारबॉयमध्ये (आंबवायच्या मोठ्या बाटलीत) काढून २ औंस कॅस्केडचा ड्राय हॉप (न उकळता थेट बीअरमध्ये), मग आणखी एक आठवडा. यीस्ट यूएस-०५. कारबॉय कपाटात असतो, तिथे ७२ च्या आसपास असतं. ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५४, एफजी (आंबल्यानंतरची) १.०१६.

माझा अंदाज, हॉप्स कमी पडताहेत. ड्राय हॉप ४ औंस करू का? की जोडीला थोडे सिट्रा हॉप्स घालू?

तळाचा_गाळ

सिट्रा घातलंत की ती सिएरा नेवाडा राहिली नाही, दुसरीच काहीतरी झाली. चांगली होईल, पण दुसरी.

यीस्ट मात्र बरोबर पकडलंय. यूएस-०५, वायीस्ट १०५६ आणि व्हाइट लॅब्जचं ००१ ही सगळी चिको घराण्यातली. चिको म्हणजे कॅलिफोर्नियातलं ते गाव, जिथे ही ब्रुअरी आहे. पूर्वी लोक बाटलीच्या तळाचा गाळ घेऊन यीस्ट वाढवायचे, कारण ही बीअर बाटलीतच कंडिशन होते, म्हणजे जिवंत यीस्टसह मुरते. आता पाकीट सहज मिळत असताना कोण एवढा खटाटोप करणार! (माझं नाव त्या खटाटोपावरूनच पडलंय, हे वेगळं.)

कढईवाली

अर्धा_गॅलन, थांबा. चार औंसही नको आणि सिट्राही नको. बीअरमध्ये काय कमी आहे ते शोधायच्या आधी काय जास्त झालंय ते बघा.

दीड पाउंड क्रिस्टल ६०! अकरा पाउंडांत दीड म्हणजे जवळजवळ १४ टक्के झाले. वर म्युनिक. वर १५६ चा मॅश. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढताहेत. क्रिस्टलमधल्या साखरेतला बराच भाग यीस्टला पचत नाही. १५६ ला बीटा-अमायलेज (स्टार्चची पचणारी साखर करणारं एन्झाइम) लवकर गारद होतं, म्हणजे वर्टमध्येही (आंबण्याआधीच्या गोड रसात) न पचणारा माल वाढतो. तुमचा १.०१६ हेच तर सांगतोय. मूळ बीअर ५.६ टक्क्यांची आहे आणि १.०११ च्या आसपास थांबते. तुमची जेमतेम पाचावर अडकली. मूळ बीअरचे ३८ आयबीयू (कडवटपणाचं माप) सोडा, या गोडव्याखाली पन्नास असते तरी दबले असते. हॉप्स कमी पडले असं वाटतं ते यामुळे.

मी घालते ते असं: टू-रो सव्वानऊ पाउंड, क्रिस्टल ६० फक्त १२ औंस, बाकी धान्यात काही नाही. मॅश १५२. थर्मामीटर एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ३२ दाखवतोय का. स्वस्तातले थर्मामीटर चार अंशांनी सहज खोटं बोलतात, आणि मॅशमध्ये चार अंश म्हणजे वेगळी बीअर.

पर्ल पाऊण औंस ६० मिनिटांना (अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, ८ टक्के धरून), कॅस्केड अर्धा औंस ३० ला, १ औंस १० ला, आणि गॅस बंद केल्याबरोबर दीड ते दोन औंस. हे शेवटचे हॉप्स घातल्यावर झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, अधूनमधून ढवळायचं, मग गार करायला कूलर लावायचा. ही पेल एल ड्राय हॉपची बीअर नाहीच. तुम्हाला हवा असलेला तो ग्रेपफ्रूट आणि पाइनचा वास उकळीच्या शेवटच्या टोकाला घातलेल्या कॅस्केडचा आहे. तुम्ही शेवटी काहीच घालत नाही, आणि सगळी भिस्त ड्राय हॉपवर.

आता त्या वासाचं काय झालं ते सांगते. बाटल्या भरताना होता आणि नंतर गेला, बरोबर? आणि रंगही बाटलीत अजून गडद झाला असेल. हा प्राणवायूचा प्रताप. दुसऱ्या कारबॉयमध्ये काढताना हवा मिसळते, ड्राय हॉपच्या गोळ्यांबरोबर हवा आत जाते, बाटल्या भरताना पुन्हा थोडी. दोन आठवड्यांसाठी दुसऱ्या भांड्याची काहीही गरज नाही. पहिल्याच भांड्यात राहू द्या, एफजी तीन दिवस हलला नाही की थेट बाटल्या. भरताना नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकलेलं हवं, वरून धार सोडायची नाही. फेस बुडबुडत तोंडापर्यंत आला की लगेच बूच लावा. रिकामी जागा जेवढी कमी तेवढं बरं.

हॉप्सचं पाकीट उघडल्यावर थेट पातेल्यात ओतू नका. चिमूटभर तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने दाबून चोळा, हात गरम झाले की नाकाशी न्या. कॅस्केड ताजं असेल तर ग्रेपफ्रूटची साल, थोडं फूल, मागे पाइन. बोटांना पिवळी चिकट पूड लागते, ती धुतली तरी तासभर वास देते. याऐवजी जुन्या चीजचा किंवा ओल्या मोज्याचा वास आला तर ते पाकीट सरळ टाकून द्या. त्यातलं अल्फाही पाकिटावर छापलंय तेवढं उरलेलं नसतं, त्यामुळे सगळं गणित कोसळतं.

तापमानाचंही बघा. कपाटात ७२ म्हणजे फर्मेंटेशन जोरात असताना आत ७७-७८ सहज. चिको यीस्ट सोज्ज्वळ आहे, तरी एवढ्या उकाड्यात फळांचे वास सोडतंच. ६४ ते ६६ ला ठेवा, जोर ओसरला की ६८-७० पर्यंत चढू द्या. फार खालीही नको, ६० च्या घरात यूएस-०५ पीचसारखा वास देतं.

इतिहास सांगायला मला आवडतो, म्हणून थोडा सोसा. केन ग्रॉसमन यांचं चिकोमध्ये आधी होमब्रूच्या सामानाचं दुकान होतं, १९७६ पासून. तेव्हा घरी बीअर करणं केंद्रीय कायद्याने वैध नव्हतं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली तेव्हा कुठे झालं. मग ग्रॉसमन आणि पॉल कामुसी यांनी दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जुळवून ब्रुअरी उभी केली आणि १९८० मध्ये बीअर बनवायला लागले. पेल एलच्या सुरुवातीच्या कितीतरी बॅचेस त्यांनी गटारात ओतल्या. दर खेपेला तीच चव येईना म्हणून. थोडक्यात, ज्यांची रेसिपी त्यांनाही प्रक्रियेनेच दमवलं. तेव्हा तुम्ही ४ औंसांचा विचार सोडा.

पाणीपंडित

कढईवाली यांच्याशी सहमत, पण पाण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

खरखरीत कडवटपणा हे पाण्याचं लक्षण असू शकतं. नळाचं पाणी आम्लारीधर्मी असेल आणि माल्ट असं फिकट असेल तर मॅशचा पीएच वर राहतो. त्यातून टरफलातलं टॅनिन उतरतं आणि हॉप्स घशाला ओरखडतात. पीएच ५.३ ते ५.४ हवा. आपल्या शहराचा पाण्याचा अहवाल काढून बघा, बायकार्बोनेट किती आहे ते. खूप असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळा.

दुसरं, क्लोरामीन, नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक. उकळून ते सहजासहजी जात नाही. कॅम्डेनची (सल्फाइटची) एक गोळी वीस गॅलनना पुरते, तुम्हाला अर्धीसुद्धा जास्तच होईल. चुरून पाण्यात घाला, काही मिनिटांत काम होतं. नाहीतर बीअरला बँडेडसारखा औषधी वास येतो.

आणि सात गॅलन पाण्यात ४ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). सल्फेट साधारण ८० पीपीएमने वाढतं, कडवटपणा कोरडा आणि नेमका लागतो. क्लोराइड वाढवू नका, ते गोलाई देतं, आणि तुमच्याकडे गोलाई आधीच उतू चालली आहे.

तळाचा_गाळ

एक शंका. पर्ल की मॅग्नम? कंपनीच्या जुन्या यादीत कडवटपणासाठी दोन्ही दिसायचे. मी मॅग्नमच वापरतो, अल्फा १२ ते १४ असल्याने अर्धा औंससुद्धा पुरतो आणि पातेल्यात चोथा कमी होतो.

कढईवाली

दोन्ही चालतात. ६० मिनिटं उकळल्यावर त्यातलं कोणतं घातलं होतं ते डोळे बांधून ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी पर्ल घेते कारण मला त्याचा किंचित मसालेदारपणा आहे असं वाटतं. वाटतं, एवढंच.

पाण्याबद्दल पाणीपंडित म्हणतात ते बरोबर. फक्त क्लोरामीन काढणं पहिल्याच दिवशी करा, जिप्सम नंतर. पिठात मीठ घालताना आधी पीठ बरोबर भिजलंय का ते बघावं.

अर्धा_गॅलन

खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. रंग बाटलीत गडद होतो हे अगदी खरं, पहिल्या आठवड्यातली बाटली आणि आत्ताची यांत फरक आहे. मला वाटत होतं बीअर मुरते तशी होत असेल.

तीन गोष्टी विचारतो. माझ्याकडे तापमान राखायला वेगळा फ्रिज नाही, ६४ कसं गाठू? ड्राय हॉप अजिबातच नको का, जीव तुटतो हो. आणि बाटल्यांत वायू तयार व्हायला साखर किती घालायची? किटमधली ५ औंसांची पुडी मी पूर्ण घालतो.

कढईवाली

फ्रिज नको. मोठा प्लास्टिकचा टब घ्या, फर्मेंटर त्यात ठेवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. रोज सकाळ-संध्याकाळ बर्फ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात सोडा. पहिले चार दिवसच महत्त्वाचे, नंतर आपोआप चढू द्या. थर्मामीटरची चिकटपट्टी फर्मेंटरच्या अंगाला लावा, खोलीच्या भिंतीवरचं तापमान मोजून काही उपयोग नाही.

ड्राय हॉप करा की! फक्त ती नक्कल म्हणून करू नका. एकदा ही साधी जमू दे, मग पुढच्या बॅचला दोन औंस टाका आणि तिला स्वतःचं नाव द्या.

साखर: पाच औंस जास्त होतात. ५ गॅलनना सव्वाचार औंस कॉर्न शुगर, वजन करून. त्याने अडीच व्हॉल्यूमच्या (बीअरच्या अडीचपट वायूच्या) आसपास कार्बोनेशन येतं. जादा वायूचा झणका कडवटपणाला आणखी खरखरीत करतो, हेही एक कारण असेल तुमच्या तक्रारीचं. ५ गॅलनचा बॅच म्हणता, पण कारबॉयच्या तळाचा गाळ वजा जाता बाटल्यांत किती भरता? साडेचार भरत असाल तर साखर त्या हिशेबाने अजून कमी करा.

आणि तुलना करायची तर नीट करा. दुकानातली बाटली घेताना पॅकिंगची तारीख वाचा. उन्हात किंवा गरम शेल्फवर तीन महिने पडलेल्या बाटलीशी आपल्या बीअरची तुलना करून काय मिळणार? तीन ग्लास घ्या, दोनात एक बीअर, एकात दुसरी, कोणालातरी ओतायला सांगा आणि ग्लासांच्या तळाला खुणा करायला सांगा. दोन्ही बीअर सारख्या थंड हव्यात आणि दिवा मंद, रंगावरून ओळखता कामा नये. मग वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या नशिबाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून दोन-चार मित्रांना बसवा, तुम्ही स्वतः शेवटी चाखा.

पाणीपंडित

त्या तीन ग्लासांच्या खेळात मला बोलवा. मी पाण्याचा अहवाल घेऊन येतो.

अर्धा_गॅलन

या! शनिवारी मॅश लावतोय. क्रिस्टल १२ औंस, म्युनिक बाद, सिट्राची पाकिटं फ्रीझरमध्ये. ओजी मोजला की इथेच टाकतो.